मोटारसायकलीची कॅम-चालन यंत्रणा

चार धावांच्या अंतर्ज्वलन-एंजिनात भुजादंडाची गती कॅमदंडाकडे नेऊन झडपांची उघडमीट दट्ट्याच्या हालचालीशी जुळती ठेवणाऱ्या यंत्रणेस कॅम-चालन यंत्रणा म्हणतात. मिश्रण आत घेणे, ते दाबणे, जाळणे व जळालेले वायू बाहेर टाकणे या चार क्रियांना भुजादंडाचे दोन फेरे लागतात आणि तेवढ्या अवधीत प्रत्येक झडप एकदाच उघडावयाची असते. म्हणून कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरवितात. हे २ : १ प्रमाण दातांच्या संख्येने सहज साधते, परंतु मिनिटाला हजारो फेरे होत असता, उष्णतेने धातू प्रसरण पावत असता आणि भाग झिजत असता ते वर्षानुवर्षे बिनचूक टिकविणे अवघड असते. त्यासाठी दंतचक्रे, शंकूच्या आकाराच्या दंतचक्रांनी फिरणारा उभा दंड, साखळी व दातेरी पट्टा हे चार उपाय मुख्यत्वे योजण्यात आले. घासण कोणत्याच उपायाने पूर्णपणे टळत नाही; ती कोणत्या भागावर पडू द्यावयाची एवढेच अभिकल्पकाला ठरविता येते. त्यामुळे या यंत्रणेचा इतिहास हा बऱ्याच अंशी झिजेची जागा निवडण्याचा इतिहास आहे. ही निवड चुकली असता काय होते आणि ती चूक वाहनाच्या मालकाला घरच्या घरी कितपत दुरुस्त करता येते, याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील हार्ली-डेव्हिडसन कंपनीचे १९९९ च्या वाहनांपासून वापरात आलेले ‘ट्विन कॅम’ एंजिन होय.

प्रारंभीच्या यंत्रणा : अगदी सुरुवातीच्या अनेक एंजिनांत अंतर्गमन झडप दट्ट्याच्या ओढीने आपोआप उघडत असे आणि केवळ निष्कास झडपेलाच कॅम लागे. एंजिनांचा वेग वाढू लागला तशी ही आपोआप उघडणारी झडप अपुरी ठरली व दोन्ही झडपा कॅमने चालविण्याची पद्धत रूढ झाली. कॅम भुजादंडाशेजारी खालच्या बाजूस असल्याने दोहोंमध्ये एकदोन दंतचक्रे घालणे पुरेसे होई. कॅमपासून वरच्या झडपेपर्यंत गती नेण्याचे काम लांब ढकलदांडे करीत. कारागीर त्यांना पुशरॉड म्हणतात. ही रचना साधी, टिकाऊ आणि दुरुस्तीस सोपी होती. मात्र वेग वाढताच ढकलदांड्यांचे वजन व लवचिकपणा यांमुळे झडपेची हालचाल कॅमच्या आकाराशी इमान राखीनाशी होई.

यावर उपाय म्हणून कॅमदंडच सिलिंडराच्या माथ्यावर नेण्यात आला. ब्रिटनमधील व्हेलोसेट कंपनीने १९२५ मध्ये आणलेल्या ‘के’ मालिकेच्या ३४८ घ. सेंमी. एंजिनात कॅमदंड उभ्या दंडाने व शंकुदंतचक्रांनी फिरविला जाई. या एंजिनाने १९२६ मध्ये आइल ऑफ मॅन येथील ज्युनियर टीटी शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी नॉर्टन कंपनीच्या ‘सीएस १’ या तशाच रचनेच्या वाहनाने सीनियर टीटी जिंकली. इटलीतील डुकाटी कंपनीचे अभियंते फाबिओ तालिओनी यांनी १९५५ पासून हीच पद्धत विकसित केली. उभ्या दंडाची गती अचूक असे. परंतु शंकुदंतचक्रांचे दात एकमेकांत नेमके बसावेत म्हणून जुळणीच्या वेळी पातळ चकत्या घालून-काढून अंतर जमवावे लागे. कुशल हातांचा पुष्कळ वेळ त्यात जाई व किंमत वाढे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डुकाटीने ‘पँटा’ या वाहनात रबरी दातेरी पट्टा स्वीकारला, त्याचे हे एक मोठे कारण होते. पट्टा स्वस्त व शांत असतो. मात्र तो ठराविक मुदतीने बदलावाच लागतो. म्हणजे येथे झीज मान्य करून ती सहज बदलता येणाऱ्या भागावर टाकण्यात आली.

साखळीचा प्रसार : हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे रुळांची साखळी तयार केली. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाला ती फार सोयीची ठरली, कारण दोन दंडांमधील अंतरात थोडाफार फरक पडला तरी साखळी तो सामावून घेते. होंडा कंपनीच्या १९६९ च्या ‘सीबी ७५०’ या चार सिलिंडरांच्या वाहनाने व कावासाकीच्या १९७२ च्या ९०३ घ. सेंमी. ‘झेड १’ ने साखळीने फिरणारा माथ्यावरील कॅमदंड जगभर पोहोचविला. साखळी वापराने लांबते आणि लांबलेली साखळी झडपांची वेळ मागे पाडते. म्हणून तिच्या सैल बाजूवर सतत दाब देणारा ताणक आवश्यक असतो. कारागिरांच्या बोलीत याला टेन्शनर म्हणतात. दंतचक्रांचा पर्यायही अधूनमधून पुढे येत राहिला. होंडाने १९८६ च्या ‘व्हीएफआर ७५०’ मध्ये कॅमदंड दंतचक्रांच्या मालिकेने फिरविले. परंतु त्याच घराण्यातील २००२ च्या ८०० घ. सेंमी. वाहनात कंपनी पुन्हा साखळीकडे वळली.

ट्विन कॅमपूर्वीची हार्ली-डेव्हिडसन एंजिने : मिलवॉकी येथे १९०३ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीच्या मोठ्या एंजिनांत दोन सिलिंडर एकमेकांशी ४५° कोन करून बसविलेले असतात. १९३६ च्या ‘नकलहेड’ एंजिनापासून या मालिकेत चार उंचवट्यांचा एकच कॅमदंड असे व भुजादंडावरील दंतचक्र तो थेट फिरवी. ‘पॅनहेड’ (१९४८), ‘शॉव्हेलहेड’ (१९६६) आणि ‘इव्होल्यूशन’ (१९८४) या पुढच्या पिढ्यांत एंजिनाचा माथा बदलत गेला, पण ही व्यवस्था मूलतः तीच राहिली. तिच्यात दोन अडचणी होत्या. एकाच कॅमदंडावरून चार ढकलदांडे निघत असल्याने त्यांना तिरपे जावे लागे. दुसरे म्हणजे, दंतचक्रांच्या दातांतील मोकळीक जास्त झाली तर ती खडखडत, कमी झाली तर घूं असा आवाज करीत. म्हणून कारखान्यात किंचित भिन्न मापांची दंतचक्रे रंगांच्या खुणा करून ठेवीत आणि प्रत्येक एंजिनाला जुळणारी जोडी निवडून बसवीत. वाहनांच्या आवाजावरील निर्बंध कडक होत गेले, तशी ही पद्धत गैरसोयीची झाली.

ट्विन कॅम एंजिन : १९९९ च्या वाहनांसाठी आणलेल्या ‘ट्विन कॅम ८८’ या १,४५० घ. सेंमी. एंजिनात दोन कॅमदंड आले व ढकलदांडे अधिक सरळ झाले. भुजादंडावरून एक साखळी मागील कॅमदंड फिरवी व २ : १ प्रमाण येथेच साधे. दुसरी साखळी मागील कॅमदंडाची गती पुढील कॅमदंडास समान वेगाने देई. पहिली साखळी उजव्या बाजूचे झाकण काढताच दिसे; दुसरी मात्र कॅमदंडांना आधार देणाऱ्या पट्टिकेच्या मागे दडलेली असे. दोन्ही साखळ्या पातळ पट्ट्यांच्या थरांनी बनलेल्या, ‘मूक साखळी’ या प्रकारच्या होत्या. प्रत्येकीवर जोरकस स्प्रिंगने दाबलेली प्लॅस्टिकची एक बूटपट्टी घासत राही. एंजिन पूर्वीपेक्षा शांत झाले व दंतचक्रांच्या जोड्या निवडण्याचे कामही गेले. पण पूर्वी पोलादी दातांवर विभागली जाणारी घासण आता प्लॅस्टिकच्या दोन लहान तुकड्यांवर एकवटली.

स्प्रिंगचा दाब एंजिन संथ चालत असताना व वेगात असतानाही कायम राही. मूक साखळीच्या पट्ट्यांच्या कडा बूटपट्टीचा पृष्ठभाग खरवडत. त्यातच ४५° कोनामुळे या एंजिनातील स्फोट समान अंतराने होत नाहीत. झडपांच्या स्प्रिंगांची ओढही क्षणोक्षणी बदलते. त्यामुळे साखळीवरील ताण धक्क्याधक्क्याने पडे. झिजेचा वेग वाहनागणिक भिन्न असे. बूटपट्टी पातळ होऊन तुटू लागली की तिचे कण तेलात मिसळत व तेलपंपाच्या फिरत्या भागांपर्यंत जात. तेथे ओरखडे पडले की वंगणाचा दाब घटे. शेवटी साखळी बूटपट्टीच्या धातूच्या पाठीवर घासू लागे आणि धातूचा कीस सर्व एंजिनभर पसरे. काही रुपयांच्या पट्टीपायी लाखांचे एंजिन जाण्याची ही स्थिती होती. आणि ज्या भागावर सारे अवलंबून होते तो, विशेषतः आतील बूटपट्टी, मालकाच्या नजरेआड होता.

धारव्यांचा वाद : याच यंत्रणेतील दुसऱ्या एका भागाविषयीची तक्रार न्यायालयात गेली. १९९९ च्या व २००० च्या सुरुवातीच्या ट्विन कॅम एंजिनांतील मागील कॅमदंडाचा धारवा निकामी होण्याचा संभव असल्याचे मालकांचे म्हणणे होते. कंपनीने जानेवारी २००१ मध्ये या धारव्याची हमी ५ वर्षे किंवा ५०,००० मैल (सु. ८०,००० किमी.) इतकी वाढविली आणि दुरुस्तीसाठी ४९५ डॉलर किंमतीचा सुट्या भागांचा संच उपलब्ध केला. ज्यांची वाहने अद्याप बिघडली नव्हती अशा मालकांनी, सदोष रचनेमुळे वाहनाचे मोल कमी झाले, असा दावा केला. विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो फेटाळला. जो बिघाड झालेलाच नाही त्याच्या केवळ शक्यतेपोटी अशी भरपाई मागता येत नाही. अशा तक्रारीचे स्थान करार व हमी यांच्या कायद्यात असते, असा निर्णयाचा रोख होता. हा वाद बूटपट्ट्यांविषयी नव्हता. तथापि हमीची मुदत संपल्यावर बिघडण्यापूर्वीच भाग बदलण्याचा खर्च व निर्णय मालकाचाच राहतो, ही गोष्ट त्याने स्पष्ट केली. घरगुती सुधारणेला जोर येण्यामागे हीच परिस्थिती होती.

सुधारणेचे मार्ग : कंपनीने २००६ च्या ‘डायना’ मालिकेत व २००७ पासून ‘ट्विन कॅम ९६’ या १,५८४ घ. सेंमी. एंजिनासह इतर मोठ्या वाहनांत यंत्रणा बदलली. मूक साखळीच्या जागी रुळांची साखळी आली. स्प्रिंगच्या भारी दाबाऐवजी एंजिनातील तेलाच्या दाबाने पुढे सरकणारा ताणक आला, त्यामुळे बूटपट्टीवरील भार पुष्कळ हलका झाला. तेलपंपाची क्षमताही वाढविण्यात आली. जुन्या वाहनांच्या मालकांपुढे यानंतर तीन मार्ग होते.

पहिला मार्ग म्हणजे जुन्याच प्रकारच्या नव्या बूटपट्ट्या बसविणे. यात खर्च सर्वांत कमी होता. पण मूळ कारण तसेच राहत असल्याने काही काळाने तपासणी व बदल पुन्हा करावा लागे.

दुसरा मार्ग नव्या पद्धतीचा संच घालण्याचा होता. या संचात नवी आधारपट्टिका, नवा तेलपंप, रुळांच्या साखळ्या व तेलदाबाचे ताणक असत. जुन्या पट्टिकेत कॅमदंडांची बाहेरील टोके धारव्यांत दाबून बसविलेली असत. नव्या पट्टिकेत ती धातूच्या छिद्रांतच तेलाच्या थरावर फिरत. त्यामुळे या छिद्रांशी जुळणारे कॅमदंडही घ्यावे लागत. याचा एक अप्रत्यक्ष लाभ घरी काम करणाऱ्याला झाला : धारवे दाबून बसविण्याच्या जड दाबयंत्राची येथे गरज उरली नाही.

तिसरा मार्ग साखळ्या व ताणक काढून टाकून पुन्हा दंतचक्रांकडे जाण्याचा होता. एस अँड एस या विस्कॉन्सिन राज्यातीलच कंपनीचे असे संच प्रसिद्ध आहेत. साखळीने जोडलेली चक्रे एकाच दिशेने फिरतात, तर एकमेकांत अडकलेली दंतचक्रे उलट दिशांनी. म्हणून या संचासाठी वेगळ्या घडणीचे कॅमदंड लागतात. झिजणारी बूटपट्टी यात उरतच नाही. मात्र भुजादंड अगदी सरळ फिरणे आवश्यक असते. ट्विन कॅमचा भुजादंड सुटे भाग एकमेकांत दाबून बनविलेला असल्याने त्याचे टोक फिरताना किंचित डुलते. हे डुलणे सु. ०·०८ मिमी. (०·००३ इंच) पेक्षा जास्त असेल तर दंतचक्रांचे दात कधी घट्ट, कधी सैल होतात व आवाज आणि झीज दोन्ही वाढतात. साखळीला हा दोष चालतो, दंतचक्रांना चालत नाही. अर्थात सर्वांत टिकाऊ उपाय प्रत्येक एंजिनाला लागू पडत नसे, आणि तो लागू पडतो की नाही हे डायल मापकाने मोजल्याशिवाय समजत नसे.

घरगुती काम : अमेरिकेत राहत्या घराला जोडून वाहनघर असणे, सुटे भाग टपालाने मिळणे आणि कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका कोणालाही विकत घेता येणे या तीन गोष्टींमुळे असे काम घरी करण्याची प्रथा जुनीच होती. ट्विन कॅमच्या बाबतीत तिला नवे महत्त्व आले, कारण अधिकृत कार्यशाळेतील मजुरी भारी होती व दोषाची वाट पाहणे त्याहून महाग होते. काम अवजड नव्हते, पण क्रमाने व संयमाने करण्याचे होते.

झडपांच्या स्प्रिंगांचा दाब ढकलदांड्यांमार्फत कॅमवर येत असल्याने आधी हे दांडे काढावे लागत. त्यासाठी इंधनटाकी व सिलिंडराच्या माथ्यावरील पेट्या उतरविणे हा रीतसर मार्ग. तो टाळण्यासाठी अनेकजण दट्ट्या दाब-धावेच्या वरच्या टोकास आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, जुने दांडे सळ्या कापण्याच्या कातरीने तोडून काढीत व नंतर लांबी कमीजास्त करता येणारे दांडे बसवीत. पुढे झाकण, साखळीची चक्रे, आधारपट्टिका व कॅमदंड या क्रमाने भाग बाहेर येत. याच वेळी कॅमदंडांच्या आतील टोकांचे, सुईसारख्या बारीक रुळांचे धारवे ओढक साधनाने काढून बदलीत.

पुनर्जुळणीत चुका होण्याच्या जागा ठराविक होत्या. दोन कॅमदंडांवरील आणि बाहेरील चक्रांवरील खुणा समोरासमोर न आल्यास झडपांची वेळ चुके व झडप दट्ट्यावर आदळण्याचा धोका असे. बाहेरील दोन्ही चक्रे एका पातळीत आहेत की नाहीत हे सरळ पट्टी लावून पाहावे लागे आणि फरक असल्यास योग्य जाडीची चकती घालावी लागे. तेलपंप व एंजिनाची पेटी यांमधील रबरी कडे चिमटले तर तेल परत टाकीत न जाता पेटीच्या तळाशी साचे. तेलपंप भुजादंडाशी मध्यावर येण्यासाठी एंजिन हळूहळू फिरवीत पट्टिकेचे स्क्रू ठरलेल्या क्रमाने, पिळाचे माप दाखविणाऱ्या पान्याने आवळीत. नवे ढकलदांडे जुळविल्यावर लगेच एंजिन फिरविणेही घातक ठरे. तेलाने भरलेले उचलक दबून झडपा मिटेपर्यंत काही वेळ थांबावे लागे. नवखा मनुष्य घाई येथेच करी.

भारतातील स्थिती : भारतात १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागलेल्या रॉयल एनफील्ड ‘बुलेट’ या वाहनात कॅम दंतचक्रांनी फिरत. उजव्या बाजूचे झाकण काढून हे काम करणारे कारीगर महाराष्ट्रातील लहान शहरांतही असत. त्यामुळे यंत्रणा उघडून पाहण्याची सवय येथील चालकांना परकी नव्हती. ‘बुलेट’ ३५० या वाहनात साखळीने फिरणारा माथ्यावरील कॅमदंड २०२३ मध्ये आला. हार्ली-डेव्हिडसनची वाहने भारतात २०१० पासून अधिकृतपणे विकली जाऊ लागली व २०११ मध्ये हरयाणातील बावल येथे त्यांची जुळणी सुरू झाली. यातील ट्विन कॅम एंजिने २००७ नंतरच्या रचनेची असल्याने त्यांत तेलदाबाचे ताणक मुळातच होते. कंपनीने २०२० मध्ये भारतातील स्वतःचे उत्पादन बंद केले.

उत्तरकाल : २०१७ च्या वाहनांसाठी आलेल्या ‘मिलवॉकी-एट’ एंजिनात कंपनी पुन्हा एकाच कॅमदंडाकडे वळली, मात्र तो दंतचक्राऐवजी साखळीने फिरतो व तेलदाबाचा ताणक तिला ताणून धरतो. १९३६ ची सुटसुटीत मांडणी आणि २००६ ची दुरुस्ती यांचा हा मेळ म्हणता येईल. १९९९ ते २००६ या काळातील मूळ एंजिने रस्त्यावर टिकून राहण्यात या घरगुती कामाचा वाटा मोठा आहे. जुने ट्विन कॅम वाहन विकत घेताना बूटपट्ट्या केव्हा तपासल्या व कोणता संच बसविला, हा प्रश्न त्यामुळेच प्रथम विचारला जातो. तेलदाबाच्या ताणकातही घासणारी बूटपट्टी असतेच. तिची झीज मंद असली तरी ती अधूनमधून झाकण उघडून पाहावी लागते.